गाडीआधी तार : घरच्या चार्जरची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट



गेल्या वर्षी महावीर निर्वाणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, आमच्या दारात विजेवरची गाडी आली. पेढे वाटले, हळदीकुंकू लावलं, सगळं रीतसर झालं. पाचव्या-सहाव्या रात्री साडेदहाच्या सुमारास मला काहीतरी जळल्याचा वास आला. गॅस बघितला, देवघर बघितलं, काही नाही. पोर्चमध्ये गेले तर गाडीला लावलेल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन खाली ओघळत होतं. आमच्या ह्यांना हाक मारली आणि आधी मेन स्विच खाली ओढला. गाडीला काही झालं नाही, आम्हालाही नाही. पण शेजारी, हातभर अंतरावर, सुनेची पेट्रोलची स्कूटर उभी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडी घ्यायच्या आधी आम्ही दोन महिने गाड्या बघत होतो. रंग, सीट, डिकी, एका चार्जमध्ये किती किलोमीटर, सगळं विचारलं. घरातली तार कधीची आहे, हे मात्र कुणीच विचारलं नाही. ओळखीचा वायरमन म्हणाला, "काकू, पॉइंट आहे की! लावा बिनधास्त." आम्ही लावला.

मी कॉमर्सची. चूक झाली की मागची पानं उलटून ती कुठे सुरू झाली ते शोधायचं, ही जुनी सवय. म्हणून या घरच्या चार्जिंगचा इतिहास वाचायला बसले. मला वाटलं होतं, दहा-पंधरा वर्षांचा असेल. निघाला एकशेवीस वर्षांचा. आणि आमची चूक सगळ्या जगानं आमच्याआधी एकदा केलेली होती.

१९१२ सालचा फोटो

१९१२ सालचा एक अमेरिकन फोटो पुष्कळ ठिकाणी छापला जातो. लांब झगा घातलेली एक बाई, शेजारी बग्गीसारखी दिसणारी तिची गाडी, आणि गाडीला वीज देणारा एक उभा फलक. बाई आपली गाडी घरी चार्ज करते आहे. आपल्याकडे तेव्हा पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार नुकताच आटोपला होता, आणि सांगलीत विजेचा दिवा दिसणं म्हणजे नवल होतं.

त्याच्या मागची हकीकत थोडक्यात सांगते. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी ती सुधारली, तेव्हा ती गाडीत घालण्याजोगी झाली. पुढच्या वीस वर्षांत विजेच्या गाड्या इतक्या पुढे गेल्या की १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्याच गाडीनं. बेल्जियमचे कामीय जेनात्झी ती चालवत होते. आपल्या दक्षिण भारत जैन सभेची स्थापनाही १८९९ चीच, म्हणून हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

१९०० साली अमेरिकेत ज्या ४,१९२ गाड्या बनल्या, त्यांत १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. पेट्रोलची गाडी सगळ्यांत मागे होती! ती सुरू करायला पुढे हँडल मारावं लागे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे. धूर, आवाज, वास वेगळाच. विजेची गाडी बटण फिरवलं की निघे. म्हणून शहरातल्या बायकांना ती आवडे. हेन्री फोर्ड यांनी पेट्रोलच्या गाड्या घरोघरी पोचवल्या, पण त्यांच्या पत्नी क्लारा १९१४ ची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायच्या. ही गाडी एका चार्जमध्ये साधारण ८० मैल, म्हणजे १३० किलोमीटर जाई, असं कंपनी सांगे. वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. गावात फिरायला पुरे.

काचेचा फुगा आणि निळा उजेड

आता घरच्या चार्जिंगचा प्रश्न. घरात येणारी वीज बहुधा एसी, म्हणजे सेकंदाला कितीतरी वेळा दिशा बदलणारी. बॅटरीला हवी डीसी, एकाच दिशेनं वाहणारी. मग मध्ये काहीतरी पाहिजे. सुरुवातीला त्यासाठी मोटर आणि जनित्राची जोडी बसवावी लागे. ती अवजड, महाग, आणि आवाज करणारी. १९०२ साली पीटर कूपर ह्यूइट यांनी पाऱ्याचा रेक्टिफायर शोधून काढला. आतली हवा काढून घेतलेला मोठा काचेचा फुगा, तळाशी पारा. वीज त्यातून एकाच दिशेनं जाऊ शके, एकेरी रस्त्यासारखी. चालू असताना फुग्यातून निळा-जांभळा उजेड पडे. फोटोतल्या बाईची गाडी अशाच यंत्रावर चार्ज होते आहे.

पण ते काम सोपं नव्हतं. चार्ज किती झाला हे काट्यावर बघत बसावं लागे. बॅटरीत ठरावीक काळानं शुद्ध पाणी घालावं लागे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघे, तो पेट घेणारा, म्हणून गॅरेज मोकळ्या हवेचं लागे. ज्यांना हे झेपत नसे ते गाडी रात्री सार्वजनिक गॅरेजात ठेवत. तिथली माणसं ती चार्ज करून, धुऊन सकाळी दारात आणून देत. हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीनं १९१० पासून १९२४ पर्यंत तर संपलेली बॅटरी काढून भरलेली बसवून देण्याची सेवा चालवली. आज आपल्याकडे विजेच्या रिक्षांना आणि दुचाकींना हेच करून देतात आणि त्याला नवी कल्पना म्हणतात.

मग हरली कशी?

नेहमीचं उत्तर मला ठाऊक होतं. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली आणि वर्षागणिक स्वस्त होत गेली. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि हँडल मारायची कटकट गेली. गंमत बघा, बॅटरीनंच पेट्रोलच्या गाडीला हात दिला.

हे सगळं खरंच आहे. पण २०२१ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांची माहिती एकत्र करून वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवलं. घराघरांत वीज पोचायला उशीर झाला, हे विजेची गाडी मागे पडण्याचं मोठं कारण. वीज पंधरा-वीस वर्षं आधी पसरली असती तर बहुतेक कारखानदारांनी विजेची गाडीच निवडली असती, असा त्यांचा हिशेब.

आकडे बघितले की पटतं. १९२० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्याच घरांत वीज होती. खेड्यांत तर फारच कमी. तिथे सरकारनं मनावर घेतलं ते १९३५-३६ नंतर. पेट्रोल मात्र डब्यात भरून वाण्याच्या दुकानात ठेवता येई. तार अशी डब्यात भरून नेता येत नाही. ती आधी टाकावी लागते, आणि ती कुणी टाकायची यावरच गाडं अडलं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि पोर्चमधल्या काळ्या पडलेल्या भिंतीकडे बघत बसले.

आपल्याकडची तार

आपल्याकडे काय झालं, तेही बघू. मुंबईत १९०५ साली बेस्ट कंपनी आली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले लोक तेव्हाच विजेच्या वाहनातून प्रवास करत होते! पण ती वीज रुळांवरच्या तारेतून येई, घरच्या सॉकेटमधून नाही. घरी वीज म्हणजे दिवा आणि फार तर पंखा.

आमच्या भागाला भरवशाची वीज मिळाली ती कोयनेमुळे. पोफळीचं वीजघर १९६२ साली सुरू झालं. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. माझ्या आठवणीतली वीज म्हणजे माहेरच्या सोप्यातला चाळीसचा एक दिवा आणि मर्फीचा रेडिओ.

आणि गाडी? आमच्या सासऱ्यांनी १९८७ साली घेतली ती प्रीमियर पद्मिनी. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी उभी केली. सोलापूरचे, आपल्याच समाजातले. सांगलीतलं इंजिनिअरिंग कॉलेज आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. मामंजींना त्या गाडीचा अभिमान होता तो त्यामुळेही.

आमचं घर त्याआधी तीन वर्षं, १९८४ मध्ये बांधलेलं. त्या काळी तांबं महाग आणि कमी, म्हणून घराघरांत ॲल्युमिनियमची तार असायची. ती जोडाच्या ठिकाणी वर्षानुवर्षं हळूहळू ढिली पडते, तिच्यावर पापुद्रा चढतो. पोर्चमधला तो पॉइंट मामंजींनी पाण्याच्या मोटरसाठी काढला होता. मोटर अर्धा तास चालायची.

त्या तीन जाड गोल पिनांच्या सॉकेटची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ते मूळ इंग्रजांचं, १९३४ च्या ब्रिटिश मानकातलं. पुढे १९४७ साली इंग्रजांनी स्वतःसाठी चौकोनी पिना आणल्या, आपण मात्र गोलच ठेवल्या. त्यात वाईट काही नाही. पण हे सॉकेट आपण वापरतो कशाला? इस्त्री, गिझर, मिक्सर. गिझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवून बंद होतो. गाडी एकदा लावली की सलग आठ-आठ तास तेवढीच वीज ओढते. जोड जरासा ढिला असला तरी तिथे उष्णता साठत जाते. वीस मिनिटांत ती कळतही नाही, चौथ्या तासाला प्लास्टिक वितळतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं. दोष गाडीचा नव्हता, कोयनेचा नव्हता आणि खरं सांगायचं तर त्या वायरमनचाही एकट्याचा नव्हता. चाळीस वर्षं जुन्या तारेवर आम्ही नवं ओझं टाकलं होतं.

दुसरी फेरी

विजेच्या गाडीनं दुसऱ्यांदा डोकं वर काढलं ते १९९० नंतर. कॅलिफोर्नियानं धुराविना चालणाऱ्या गाड्या विकायची सक्ती केली आणि जनरल मोटर्सनं १९९६ मध्ये 'ईव्ही वन' नावाची गाडी आणली. ती विकली नाही, भाड्यानंच दिली. तिच्या चार्जरला पिना नव्हत्या. एक चपटा पंजा गाडीच्या खाचेत सारायचा, वीज चुंबकाच्या जोरावर आत जाई. छान होता म्हणतात. पण दुसऱ्या कंपन्या पिनांचा चार्जर लावत. २००१ मध्ये कॅलिफोर्नियानं पिनांच्या बाजूनं कौल दिला. पुढे कंपनीनं गाड्या परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. लोकांच्या भिंतीवर पंज्याचे चार्जर राहिले, त्यांना लावायला गाडी नाही.

त्याच २००१ मध्ये बंगळुरूला चेतन मैनी यांची 'रेवा' आली. लहानशी, दोन दारांची, शिशाच्या बॅटरीची, ऐंशी किलोमीटर जाणारी. ती घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरच चार्ज होई. वेगळं काही बसवायला नको. लोक तिला हसायचे, पण लंडनच्या रस्त्यांवर ती 'जी-विझ' नावानं बरीच दिसली.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी. भिंतीवर डबा बसवायचा तर तो सगळ्यांना चालणारा हवा. आज आपल्याकडच्या बहुतेक चारचाकींना घरच्या चार्जिंगसाठी 'टाइप टू' नावाचा सात छिद्रांचा जोड असतो. तो जर्मनीत तयार झाला, युरोपनं स्वीकारला आणि आपणही घेतला. उद्या गाडी बदलली तरी डबा तोच चालेल.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण ज्याला चार्जर म्हणतो तो भिंतीवरचा डबा चार्जर नसतोच! १९१२ च्या बाईचा पाऱ्याचा फुगा भिंतीपाशी होता. आज एसीची डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं. भिंतीवरचा डबा म्हणजे शहाणा स्विच. तो आधी अर्थिंग ठीक आहे का पाहतो, मग गाडीला सांगतो की या तारेतून इतकेच अँपिअर घे. गडबड वाटली तर तोडतो. आमच्या जुन्या सॉकेटला हे काही सांगता येत नव्हतं. ते बिचारं जळून गेलं तेव्हाच बोललं.

मोठा की लहान?

पुण्याहून मुलगा आला. त्याचं मत, "आई, बसवायचाच तर सव्वासात किलोवॅटचा बसवू. पटकन चार्ज होईल." आमचे हे म्हणाले, साधा सव्वातीनचा पुरे. दोघांचं बरंच वाजलं. मुलाला वाटलं बाबा पैसे वाचवतायत, बाबांना वाटलं मुलगा घर म्हणजे कारखाना करतोय. दोन दिवस घरात अबोला. मी वही काढली.

मोठ्या डब्याला एकट्यालाच तीस-बत्तीस अँपिअर लागतात. वर घरातला फ्रिज, मोटर, गिझर. आमच्या बिलावर मंजूर भार होता तीन किलोवॅट. म्हणजे थ्री फेज घ्या, मीटर बदला, जाड केबल टाका. लहान डब्याला सोळा अँपिअरच्या आत काम भागतं. भार वाढवून घ्यावा लागतोच, पण सिंगल फेजवर जमतं.

मग किती लागतं ते लिहिलं. आमची गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. रोजचं फिरणं तीस किलोमीटर: मंदिर, बाजार, ह्यांचं दुकान, आठवड्यातून दोनदा शेत. म्हणजे दिवसाला जेमतेम पाच युनिट, लहान डब्यावर दीड तासाचं काम. रात्रभर लावली तर दीडशे किलोमीटरच्या वर. कुंभोज-बाहुबली तिसेक किलोमीटर, कोल्हापूर पन्नासच्या आत. लांबचा प्रवास वर्षातून चार-पाच वेळा, आणि तेव्हा हमरस्त्यावर मोठे चार्जर आहेतच.

वही लिहिताना मला सासूबाई आठवल्या. त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावकाच्या बारा व्रतांत हे एक. दहा दिशांना आपण किती लांब जायचं याची मर्यादा जन्मभरासाठी ठरवायची. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यासाठी समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश अशा ओळखीच्या खुणा धरायला सांगितल्या आहेत. त्या मर्यादेच्या आत आणखी रोजची, महिन्याची लहान मर्यादा धरायची ते देशव्रत. सासूबाईंची सीमा दक्षिणेला श्रवणबेळगोळ आणि उत्तरेला कुंथलगिरी होती. मला नवी नवरी असताना ते अडचणीचं वाटे. इतकं कशाला बांधून घ्यायचं?

आता लोक विजेच्या गाडीबद्दल पहिला प्रश्न विचारतात, "संपली तर?" त्या भीतीपायी मोठी बॅटरी, मोठा डबा, जाड तार घेतात. आपल्याला जायचंय किती, हे आधी ठरवलं की निम्मी भीती तिथेच संपते. मी वही मुलासमोर ठेवली. त्यानं आकडे तपासले, एका ठिकाणी माझी बेरीज चुकली होती ती दुरुस्त केली, आणि म्हणाला, "ठीक आहे, लहानच." ह्यांनी मात्र केबल एक माप जाड टाकायचं कबूल केलं, पुढे कधी लागली तर. दोघांचंही राहिलं.

कागद, मीटर, जमीन

घरी गाडी चार्ज करायला परवाना लागतो का, असं मला तीन जणींनी विचारलं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं डिसेंबर २०१८ मध्ये मार्गदर्शक नियम काढले, त्यात घरी आणि कार्यालयात खासगी चार्जिंगला मोकळीक दिली आहे. आपण करायचं ते मंजूर भार वाढवण्याचा अर्ज. स्वतःच्या घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीचं पत्र आधी घ्यावं. माझ्या धाकट्या बहिणीच्या सोसायटीत पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची यावर तीन सभा झाल्या.

दराचं मात्र समजून घ्या. बिलात शंभर, तीनशे, पाचशे युनिटचे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. आमचं घर महिन्याला १९० युनिटचं. गाडीचे, चार्जिंगमधली गळती धरून, १४० आले. एकूण ३३०. कुणीतरी मला घाबरवलं की आता सगळं बिल तिसऱ्या टप्प्यात जाणार. तसं नसतं. तीनशेच्या वरचे तीसच युनिट चढ्या दरानं. म्हणून तुलना करताना गाडीचा खर्च सरासरी दरानं काढू नका, वरच्या टप्प्यांच्या दरानं काढा. तरीही पेट्रोलपेक्षा बराच कमी येतो, पण विक्रेता सांगतो तितका कमी येत नाही.

प्रत्यक्ष काम असं झालं. मीटरपासून पोर्चपर्यंत वेगळी तांब्याची केबल, मध्ये कुठेही जोड नाही. तिला स्वतंत्र एमसीबी. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली तर क्षणात तोडणारा. आणि नवा अर्थिंगचा खड्डा. जुना खड्डा उघडला तर आतली पट्टी गंजून तुटलेली निघाली. इतकी वर्षं आमच्या घराला अर्थिंग होतं ते नावापुरतं! नव्याचा रोध मोजून घेतला, पाच ओहमच्या आत. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि मोजलेला आकडा कागदावर लिहून मागा. चार्जर नाही घेतला तरी एवढं एक करा.

भिंतीवरची रेघ

डबा किती उंचीवर बसवायचा यावर बसवणारा मुलगा म्हणाला, साधारण चार फुटांवर असतो. मी त्याला भिंतीवरची रेघ दाखवली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या पोर्चमध्ये पाणी आलं त्याची ती खूण, चार फूट दोन इंच. रंग दिला तरी ती आम्ही पुसलेली नाही. कोयनेच्या पाण्यातून वीज होते, ते पाणी वीजघरातून खाली कोकणात जातं. धरणातून सोडलेलं मात्र कृष्णेतून आमच्या दारी येतं. डबा साडेपाच फुटांवर बसवला, त्याचा स्विच जिन्यातल्या पहिल्या वळणावर. पावसाळ्यात पाणी चढायची बातमी आली की आधी गाडी मिरजेच्या बाजूला नेऊन ठेवायची, हे ठरलेलं आहे. पुरात वीज चार-चार दिवस नसते, तेव्हा ही गाडी उपयोगाची नाही. हे खोटं कशाला सांगू?

हिशेबाची दुसरी बाजू

शेवटी तुमच्यातल्या काहीजणी विचारतात तो प्रश्न. ही गाडी अहिंसक आहे का? नाही. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडी, परळी इथल्या कोळशातून येते. बॅटरीसाठी कुठेतरी खाण खणली जाते. शास्त्रात आकाशातल्या विजेची गणना अग्निकायिक जीवांत आहे. तारेतल्या विजेबद्दल आपल्या संप्रदायांत एकमत नाही. तेरापंथात ती अचित्त मानून ध्वनिक्षेपक वापरतात, काही स्थानकवासी साधू आजही माइकसमोर बोलत नाहीत. यावर निवाडा देणारी मी कोण? आपले मुनी पायी विहार करतात. ज्याला हिंसा पूर्ण टाळायची त्याची वाट ती.

आपण श्रावक. आपल्या हातात यत्नाचार आहे आणि अनर्थदंड टाळणं आहे, म्हणजे उगाच, कारणाशिवाय होणारी हिंसा. म्हणून आमच्याकडे गाडी रोज लावत नाही, निम्म्यावर आली की लावतो. लावल्यावर पोर्चचा दिवा बंद करतो. चातुर्मासात त्या दिव्यावर किती पाखरं येऊन मरायची ते मी रोज सकाळी झाडून काढत होते. डब्यावरचा हिरवा ठिपकाही सेटिंगमधून मंद करता येतो, तो सूनबाईनं शोधून काढला.

जळकं सॉकेट मी टाकलं नाही. मीटरच्या पेटीत, भार वाढवल्याच्या पावतीबरोबर ठेवलंय. परवा शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, त्यांचीही गाडी ठरली आहे, पुढच्या महिन्यात येणार. मी त्यांना आधी ते सॉकेट दाखवलं आणि मग विचारलं, "वहिनी, तुमचं घर कधी बांधलेलं?"